मिस्त्रींची शीळ

"वरचे सूर आधी जातात," कानाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी उजवा कान पुढे केला. डावा त्यांनी केव्हाच मोडीत काढला होता. "वरचे म्हणजे?"

"माणसांचं बोलणं राहील अजून काही वर्षं. पण बारीक, उंच आवाज असतात ना, घंटी, पाखरं, शिट्ट्या, ते आधी जातील. उजव्या कानात थोडे उरलेत. वर्षभर पुरतील, कदाचित कमी."

"उलटं नाही का करता येणार? बोलणं जाऊ द्या, शिट्ट्या ठेवा."

डॉक्टरबाई हसल्या. शेजारी बसलेली धाकटी मात्र हसली नाही. धाकटी म्हणजे मिस्त्रींची बहीण. वय वर्षं एकोणसत्तर, पण भावाच्या लेखी तिचे दुधाचे दात अजून पडायचे होते. वहिनी गेल्यावर ती भावाकडे राहायला आली, ती आजतागायत बोलतच होती.

"माझं बोलणं जाऊ द्या म्हणतोय तो," तिने डॉक्टरबाईंना समजावून सांगितलं. "सरळ सांग ना दादा, आडून कशाला?"

"सरळच सांगितलं की."

 घरी येताना वाटेत एका सायकलवाल्याने घंटी वाजवली तेव्हा मिस्त्री रस्त्यातच थांबून ती संपेपर्यंत ऐकत राहिले, आणि सायकलवाला त्यांच्याभोवती वळसा घालून शिव्या देत निघून गेला. शिव्या खालच्या सुरात असल्यामुळे त्याही ऐकू आल्या.

मिस्त्रींना शिट्ट्यांचं एवढं काय होतं, हे कळायला लाकूड कापायच्या गिरणीत एक दिवस तरी उभं राहायला हवं. मिस्त्री तिथे एकेचाळीस वर्षं उभे होते. चार करवती एकदम चालायच्या. समोरच्याने कानाशी येऊन बोंब मारली तरी शब्द पोचायचा नाही, फक्त त्याने सकाळी काय खाल्लं ते कळायचं. त्या गोंगाटातून आरपार जाणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे दोन बोटं तोंडात घालून मारलेली शीळ. म्हणून गिरणीत कुणी बोलत नसे. लोट, थांब, मागे घे, चहा झाला, मालक आला, सगळ्याला शिट्ट्या होत्या. मालक आल्याची शीळ तर इतकी गोड होती की मालकालाही वाटायचं, लोक खुशीत आहेत.

आणि प्रत्येक माणसाला स्वतःची एक शीळ होती. तेच त्याचं नाव. मुकादमांची लांबलचक, शेवटी शेपटीसारखी हलणारी. वंगणवाल्याची तेलाच्या थेंबांसारखी, टप टप टप, तीनदा. पात्यांना धार लावणाऱ्या धारवाल्याची खरखरीत, वर जाऊन खाली येणारी. आणि मिस्त्रींच्या समोर, करवतीच्या पलीकडे उभा राहून फळी ओढून घेणारा जो लंबू, त्याची सरळसोट, एकच, ताडासारखी उंच.

हे नाव ज्याचं त्याने घ्यायचं नसे, दुसऱ्याने द्यायचं असे. आणि स्वतःची शीळ स्वतः वाजवायची नाही, हा गिरणीचा अलिखित कायदा. आधी त्यात काही भीतीबिती नव्हती. स्वतःला हाक मारणार कोण आणि कशाला? पण एका हमालाने एकदा गंमत म्हणून स्वतःची शीळ घातली आणि त्याच संध्याकाळी त्याच्या पायावर ओंडका पडला. ओंडका तसा रोजच कुणा ना कुणाच्या पायावर पडायचा. पण त्या दिवसापासून सगळ्यांनी त्याचा धसका घेतला तो घेतलाच.

आता गिरणी बंद पडून एकोणीस वर्षं झाली होती. लंबू जाऊन अकरा. आणि मागच्या महिन्यात, एका सकाळी दाढी करताना, मिस्त्रींच्या लक्षात आलं की आपली शीळ आपल्याला आठवत नाही.

बाकीच्या सगळ्यांच्या आठवत होत्या. तेवीस माणसांपैकी बावीस जणांच्या शिट्ट्या त्यांनी आरशासमोर फेस लावलेल्या तोंडाने वाजवून पाहिल्या. फेस आरशावर गेला, पण शिट्ट्या बिनचूक. तेविसावी येईना. एकेचाळीस वर्षांत हजारो वेळा ऐकलेली, पण स्वतःच्या ओठांवरून एकदाही न गेलेली. ती देणारा लंबू डोळ्यांसमोर लख्ख उभा राहायचा. भुशाने पांढऱ्या झालेल्या भुवया, तोंडात दोन बोटं, फुगलेले गाल. गाल फुगायचे, पण आवाज यायचा नाही. ऐकली तर ओळखू, एवढीच खात्री होती. आणि आता डॉक्टरबाईंनी त्या ऐकण्यालाही मुदत घातली होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री धारवाल्याकडे गेले. तेवीस जणांतला मिस्त्रींखेरीज तेवढाच उरला होता. सोबत धाकटी होती, कारण तिला घरी ठेवून निघणं आजवर कुणाला जमलेलं नव्हतं.

"वाजव," मिस्त्री म्हणाले.

"काय?" धारवाले म्हणाले. त्यांचे दोन्ही कान पात्यांनी खाल्ले होते.

"माझी शीळ!"

"बरी आहे. गुडघे दुखतात."

"त्याची शीळ म्हणतोय तो," धाकटी मधे पडली आणि तोंडात बोटं घालायची नक्कल करून दाखवली. धारवाल्यांचा चेहरा एकदम वीस वर्षांनी तरुण झाला. त्यांनी खुर्चीत पाठ ताठ केली, दोन बोटं तोंडात घातली, श्वास ओढला आणि फुंकर मारली. फूऽऽऽ. बिस्किटाचा एक तुकडा उडून धाकटीच्या चष्म्यावर बसला.

"दात नाहीत ना," धारवाले ओशाळून म्हणाले. "थांब." त्यांनी पेल्यातली कवळी काढून बसवली, पुन्हा श्वास ओढला. या खेपेला अगदी सुरुवातीची किंचित शीळ आली, आणि तिच्या पाठोपाठ कवळीच बाहेर आली. टेबलावरून घरंगळत ती मिस्त्रींच्या मांडीत पडली.

मिस्त्रींनी ती रुमालात धरून परत दिली. "राहू दे रे."

"आणि खरं सांगू का," धारवाले बोळक्या तोंडाने म्हणाले, "मी तुला अशी हाक किती वेळा मारली असेल? मी आपला धारेच्या खोलीत एकटा. तुला बोलवायचा तो लंबू. नाहीतर मग ते हिरवे."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारून घेतला. हिरवे! ते कसे विसरलो?

हिरवे म्हणजे गिरणीमागचे पोपट. गिरणीच्या पाठीमागे सात जुनी झाडं होती. आजूबाजूचं सगळं रान गिरणीच्या पोटात गेलं, ही सात तेवढी राहिली, कारण ती आतून पोकळ होती. पोकळ लाकूड कुणी कापत नाही. मिस्त्रींनीच तरुणपणी एकेक बुंधा हातोडीने ठोकून, ऐकून, खडूने फुली मारली होती. निकामी. माणसाला निकामी ते पोपटाला आयतं घर. वर्ष-दोन वर्षांत त्या सात झाडांत तीस-चाळीस जोडपी येऊन राहिली. चांगले दांडगे, खांद्यावर विटकरी डाग असलेले, भांडखोर पोपट.

रानातला पोपट कुणाची नक्कल करत नाही, नुसता किंचाळतो, असं शहाणी माणसं सांगतात. त्या शहाण्यांनी ही गिरणी पाहिली नव्हती. पिंजऱ्यातला पोपट बोलतो तो माणसाची मर्जी राखायला. हे कुणाची मर्जी राखायला बसले नव्हते, त्यांना फक्त दिवसभर ऐकू यायचं. पहिल्या वर्षी त्यांनी करवत उचलली. लाकडात गाठ लागल्यावर ती जशी केकाटते, तशी. दुसऱ्या वर्षी मालकाच्या गाडीचं दार. आणि तिसऱ्या वर्षी एका सकाळी दहा वाजता झाडावरून चहाची शीळ झाली. चारही करवती थांबल्या, बावीस माणसं पेले घेऊन रांगेत उभी राहिली, आणि चहावाला बिचारा अजून चूल पेटवत होता.

मालकाने पोपट हुसकायला एक माणूस ठेवला. तो दिवसभर पत्र्याचा डबा बडवत झाडांखाली फिरायचा. आठवड्याने पोपटांनी डबा उचलला. पंधरवड्याने तो माणूस काम सोडून गेला. जाताना सांगून गेला की आता घरी गेल्यावरही डोक्यात डबा वाजतो, आणि आपण वाजवतो त्यापेक्षा तालात वाजतो.

पण खरी गंमत नावांची. पोपटांची पिल्लं अजून ढोलीत असतात तेव्हाच आईबाप प्रत्येकाला एक वेगळी हाक लावतात आणि ते पोर जन्मभर त्या हाकेला ओ देतं, असं लंबूचं म्हणणं होतं. लंबू पोपटांबद्दल बरंच काही म्हणायचा, त्यातलं निम्मं खरं निघायचं. "आणि आपले हिरवे आळशी," तो चहा पिता पिता सांगायचा. "नवीन हाक शोधायचा कंटाळा. म्हणून आपलीच नावं पोरांना लावतात. त्या तिसऱ्या झाडावर वंगणवाला आहे बघ. आणि मुकादम तर दोन झालेत, रोज मारामारी."

"पोपट किती जगतात रे?" मिस्त्रींनी आता धारवाल्यांना विचारलं.

"काय?"

"तीस-चाळीस वर्षं," धाकटी म्हणाली. "सगळ्यांना ठाऊक आहे. चल उठ, उद्या सकाळी जाऊ."

सकाळी दोन बस बदलून दोघं तिथे पोचली. गिरणीच्या जागी आता फरशांचं गोदाम होतं. पण मागची गल्ली तशीच, आणि भिंतीपलीकडे सातांतली पाच झाडं शिल्लक. धाकटीने भिंतीच्या पडक्या तुकड्यावर रुमाल पसरला, थर्मास काढला आणि म्हणाली, "हं, बोलव तुझ्या लोकांना."

मिस्त्रींच्या तोंडात पुढचे चार दात स्वतःचे होते. शिळेला तेवढे पुरतात. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, गल्लीत कुणी नव्हतं. दोन बोटं तोंडात घातली आणि लंबूची शीळ मारली.

"वाजली का?" त्यांनी विचारलं.

"वाजली का म्हणजे? माझ्या डोक्यात अजून वाजतेय!"

आणि दुसऱ्या झाडाच्या शेंड्यावरून उत्तर आलं. सरळसोट, एकच, उंच. मिस्त्रींना ती कापसातून आल्यासारखी ऐकू आली, पण आली. ते चटकन खाली बसले.

"रडतोयस की काय?"

"भुसा गेला डोळ्यात."

"एकोणीस वर्षांपूर्वीचा?"

मग त्यांनी हजेरीच घेतली. मुकादम, वंगणवाला, धारवाला, दोघे भाऊ होते ते हमाल, चहावाला. प्रत्येक शिळेला कुठून ना कुठून ओ येत होती. कुणी पानांतून, कुणी ढोलीतून, कुणी उडता उडता. मुकादमांना तीन ठिकाणांहून ओ आली आणि लगेच भांडण लागलं. जी माणसं एकामागोमाग एक गेली, ज्यांना खांदा देता देता मिस्त्रींचे खांदे झिजले, ती सगळी जागच्या जागी कामावर हजर होती. फक्त हिरवी झाली होती, एवढंच.

बावीस झाल्या. मिस्त्री थांबले.

"आता तुझी मार," धाकटी म्हणाली.

"ती मला येत कुठे? आणि आली तरी मारायची नसते."

"धन्य आहे! मग त्यांना कसं कळायचं तुला काय हवंय?"

"नाही कळायचं. वाट बघायची."

वाट बघितली. पोपटांनी करवत केकाटून दाखवली, गाडीचं दार आपटलं, डबा वाजवला. फरशांच्या गोदामातला ट्रक मागे घेतानाची पींपींही त्यांनी अलीकडे उचललेली दिसत होती. तास गेला. ऊन भिंतीवर चढलं. मिस्त्रींच्या मनात एक विचार हळूच शिरला आणि पाय पसरून बसला. वाजून गेली असेल तर? आपल्या कानातून तेवढाच सूर आधी गेला असेल तर? जगात एकच आवाज ऐकायचा होता, तो आत्ता समोर वाजत असेल आणि आपण पोपटांच्या उघडझाप करणाऱ्या चोची बघत बसलो असू.

"धाकटे, तुला काय काय ऐकू येतंय ते सांगत जा बरं."

"आत्ता? टुईं टुईं टुईं."

"ती नव्हे."

"मग कुईऽऽ अशी एक."

"तीही नव्हे."

"तुला आठवत नाही म्हणतोस, मग नव्हे हे कसं कळतं तुला?"

"माझं नाव एवढं फालतू नव्हतं."

"असेल बाबा. तू काही फार मोठा लागून गेला नव्हतास." तिने थर्मासचं झाकण भरून चहा त्यांच्या डाव्या हातात दिला. "घे. थंड होईल. उद्या पुन्हा येऊ, परवा येऊ. मला कुठे कामं पडलीयेत?"

मिस्त्रींनी झाकण ओठाला लावलं. आणि त्यांचा डावा हात, त्यांना न विचारता, सरळ डोक्यावर गेला.

चहा धाकटीच्या मांडीवर.

"अरे, शुद्धीवर आहेस का तू! भाजले ना मी! हात का वर केलास?"

मिस्त्री आपल्या हाताकडे बघत होते. हात परक्याचा असावा तसा वरच होता, झाकणातून शेवटचे थेंब बाहीत उतरत होते. करवतीसमोर उभ्या असलेल्या माणसाला हाक मारली तर त्याने वळायचं नसतं. वळला की बोटं गेली. डोळे पात्यावर, उजवा हात लाकडावर, आणि डावा नुसता वर करायचा. ऐकलं, आहे, येतो. एकेचाळीस वर्षं. कानाला कळायच्या आत हाताला कळलं होतं.

"वाजली," ते म्हणाले. "धाकटे, आत्ता वाजली ती कुठली?"

"मी चहा झटकत होते रे..."

"गप्प, गप्प बस जरा. हात जोडतो, गप्प बस."

आणि धाकटी, आयुष्यात पहिल्यांदा असेल, गप्प बसली.

तिसऱ्या झाडाच्या ढोलीतून एक पोपटीण अर्धी बाहेर आली होती. तिने मान लांब केली आणि पुन्हा हाक मारली. शीळ खालून निघाली, तीन पावलं नीट चालली, मधेच ठेच लागल्यासारखी अडखळली, आणि मग स्वतःला सावरत एकदम वर उडी मारून गेली.

मिस्त्रींना सगळं आठवलं. त्यांचा पहिला दिवस. नवे बूट, छाती पुढे काढून करवतीकडे निघालेले ते, सगळी गिरणी बघतेय याची पूर्ण जाणीव. वाटेत ओंडका. आपटता आपटता त्यांनी मारलेली ती उडी. पलीकडे एक लांबडा माणूस कमरेवर हात ठेवून हसत होता. हसून झाल्यावर त्याने तोंडात दोन बोटं घातली आणि ते चालणं, ती ठेच, ती उडी, सगळं जसंच्या तसं शिळेत वाजवून दाखवलं. बावीस जण हसले. तेच नाव पडलं.

"फालतूच आहे की रे," धाकटी हळूच म्हणाली, पण तिने त्यांचा दंड धरला होता.

"अगदीच फालतू," मिस्त्री म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पुन्हा एकोणीस वर्षांपूर्वीचा भुसा गेला होता.

पोपटीण तिसऱ्यांदा ओरडली, आता चांगलीच चिडून. तेव्हा गोदामाच्या पत्र्यावरून एक पोपट उडत आला. म्हाताराच दिसत होता, शेपटीची दोन पिसं गायब, चोचीत कसलं तरी अर्धं कुरतडलेलं फळ. ढोलीशी उतरताना त्याचा पाय फांदीवरून घसरला, पंख फडफडवून त्याने कसाबसा तोल सावरला आणि आपण मुद्दामच तसं उतरलो असा चेहरा केला. पोपटिणीने फळ हिसकावून घेतलं आणि त्याच्या डोक्यावर एक टोच मारली.

धाकटीला हसू आवरेना. हसता हसता तिला ठसका लागला. "दादा! ही हाक तुला नव्हतीच रे! त्याला होती! नाव बरोब्बर माणसाला लावलंय हो. हुबेहूब तू."

मिस्त्री त्या पोपटाकडे बघत राहिले. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही. एकोणीस वर्षं आपलं नाव कुठे तरी धूळ खात पडलं असेल अशी त्यांची समजूत होती. आणि इथे ते रोज वापरात होतं. त्याच्यावर रोज कुणी तरी चिडत होतं, त्याला उशीर का केलास म्हणून विचारत होतं, टोच मारत होतं. याहून चांगलं काय व्हायचं होतं एका नावाचं?

"बरं, झालं ना ऐकून? निघायचं?" धाकटी रुमाल झटकत म्हणाली. "माझी मांडी चिकट झालीये."

"बस पाच मिनिटं."

पाच मिनिटांची दुपार झाली. पोपट सारखा कुठे तरी जायचा आणि पोपटीण सारखी त्याला हाका मारायची. मिस्त्रींनी ठरवलं होतं, आता आपण मधे पडायचं नाही, हाक दुसऱ्याची आहे. हात मांडीखाली दाबून ते बसले. शीळ खालून निघाली, चालली, अडखळली.

"अरे जा की गधड्या," ते पत्र्यावर बसलेल्या पोपटाला म्हणाले, "बोलावतायत ना तुला!"

पोपटाने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं. मिस्त्रींचा डावा हात वर होता.